पेल्यावरची फुले काय सांगतात?

मिंग (१३६८–१६४४) आणि चिंग (१६४४–१९१२) राजवटींत चिनी कारागिरांनी जेड, बांबू आणि गेंड्याच्या शिंगातून पेले कोरले. त्यांवरच्या वनस्पतींना ठरलेले अर्थ असत.

• कमळ : चिखलातही निर्मळ राहणारे मन. काही पेले कमळाच्या पानासारखे असत. त्यांच्या पोकळ देठातून मद्य पीत.
• पाइन, बांबू, प्लमचा मोहोर : ‘हिवाळ्याचे तीन मित्र’, कडाक्यातही न ढळणारी निष्ठा.
• पीच : दीर्घायुष्य.
• डाळिंब : भरपूर संतती.
• शेवंती : शरद ऋतू, दरबार सोडलेल्या विद्वानाचे साधे जगणे.

घडण : जेडवर छिन्नी चालत नाही, कठीण खड्याची पूड आणि पाणी वापरून ते घासत आकार देतात. शिंगाच्या पेल्यात विष ओळखू येते, असा समज होता. गेंड्याच्या शिंगाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून बंदी आहे.

कुठे पाहाल : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन आणि दोराब या टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी कलावस्तू आहेत. दगडात कोरलेले कमळ बेळगावच्या किल्ल्यात पाहता येते : रट्ट राजवटीच्या काळातील, १२०४ च्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावर.