तारामतीची भूमिका आणि नकाराची दोन रूपे

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या दादासाहेब फाळके यांच्या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटास करावी लागली. कारण त्या कामास स्त्री मिळाली नाही. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात तीच भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. तत्पूर्वी ‘फरेबी जाल’ (१९३१) या पहिल्याच चित्रपटामुळे त्यांच्या वाट्यास लोकापवाद आला होता.

येथे नकाराची दोन रूपे वेगळी करावी लागतात. प्रेक्षक नाकारतो ते उणे पडलेले काम; समाज नाकारतो ते काम करणेच. पहिला नकार साधनेने पुसता येतो, दुसऱ्यावर कलावंताची सत्ता चालत नाही.

‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) हे आत्मचरित्र वाचताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. या क्षेत्रातील त्यांच्या प्रवेशामागे अर्थार्जनाची निकड होती. अभिनयाची ओढ हे त्याचे आद्य कारण मानता येत नाही. ती ओढ पुढे सिद्ध होते. चित्रपटात नाव झाल्यानंतरही त्यांनी शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’सारख्या नाटकातून रंगभूमीवर काम केले. तेथे चुकलेले दृश्य पुन्हा घेता येत नाही आणि प्रेक्षकाचा नकार समोरच उभा असतो. ही जोखीम स्वेच्छेने पत्करणे, हीच त्या ओढीची खरी कसोटी होय.