एक टीव्ही, सगळ्यांची वेळ

रिमोट कुणाच्या हातात, यावरून घरोघरी होणारी भांडणं आता जवळजवळ संपलीत. कारण रिमोट आता कुणाला नकोच असतो! आजी मोबाइलवर भजनं ऐकतात, नातू गेम खेळतो, सूनबाई मालिकेचा राहिलेला भाग बघतात. घर कसं शांत! पण मैत्रिणींनो, मला ही शांतता कधीकधी खुपते. एकाच घरात राहून कोण काय बघतंय, कशावर हसतंय, हे दुसऱ्याला ठाऊकच नसतं.

आमचं ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. १९८३-८४च्या सुमारास इथला पहिला संच सुरू झाला. आसपासच्या खाणींचा कोळसा, इरई धरणाचं पाणी आणि इथली वीज पार मुंबईकडे. १९९९ पासून तर चंद्रपूर ते पडघे अशी खास उच्चदाब वाहिनीच आहे. वसाहतीत माणसंही गावोगावची. कुणी जळगावचं, कुणी साताऱ्याचं, शेजारच्या क्वार्टरमध्ये तेलुगू कुटुंब. मी लग्न होऊन आले तेव्हा ‘हे’ शिफ्ट ड्यूटीवर, सासू-सासरे सिंदेवाहीकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आलेले, आणि शाळकरी नणंद. या सगळ्यांना मिळून टीव्ही एक. तोही ब्लॅक अँड व्हाइट.

चॅनल बदलायची सोयच नव्हती. आम्हाला दिसायचं ते दूरदर्शन, आणि त्यातही दिल्लीचं हिंदी जास्त. तेव्हा काय दाखवायचं हे दिल्लीवाले ठरवायचे, आणि त्यांनी प्रत्येकाला दिवसातला एकेक तुकडा वाटून दिलेला. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू.

१९८९चा रविवार आठवा. सकाळी ‘महाभारत’. बी. आर. चोप्रांचं हे महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० असं चाललं. आपले नितीश भारद्वाज त्यात कृष्ण झाले होते. नाइट शिफ्ट करून आलेली माणसं डोळे चोळत बसायची, लहान पोरं पुढे सतरंजीवर. दुपारी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या. पोरं त्या हातवाऱ्यांची नक्कल करायची. सासूबाई दटावायच्या, “हसू नका रे, त्याईच्यासाठी आहे ते.” मग प्रादेशिक भाषेतला सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरं. तेलुगू सिनेमा लागला की शेजारच्या काकूंचा भाव वधारायचा. एरवी भाषेमुळे गप्प असणाऱ्या काकू त्या दिवशी आम्हाला सगळी गोष्ट समजावून सांगायच्या. संध्याकाळी हिंदी सिनेमा लागला की घर भरायचं.

इतर दिवशी संध्याकाळी सासऱ्यांचं ‘कृषिदर्शन’. हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ला सुरू झालेला. टीव्हीवर पंजाबचा गहू डोलायचा आणि आमचे धानवाले मामंजी म्हणायचे, “त्याईले पाणी हाये बाप्पा, आपल्याले कुठलं!” म्हणायचे, पण एकही भाग चुकवायचे नाहीत. पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत पोरंही ते बघायची. वसाहतीत जन्मलेल्या माझ्या मुलाला तुडतुडा म्हणजे काय हे असंच कळलं.

हे सगळं वाचून, ‘काय सोन्याचे दिवस होते!’ असं म्हणाल. थांबा. ‘महाभारत’ सगळे बघायचे, पण मधे चहा कुणी करायचा? पोहे कुणी टाकायचे? मी कितीतरी भाग बघितले कमी, स्वयंपाकघरातून ऐकले जास्त. द्रौपदी रडतेय हे आवाजावरून कळायचं, आणि कुकरची शिट्टी नेमकी तेव्हाच व्हायची. ‘सगळ्यांसाठी’ या शब्दात घरातली बाई येते का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

म्हणून २६ जानेवारी १९८९ला दूरदर्शनचं दुपारचं प्रसारण सुरू झालं, त्याचं मोल आम्हा बायकांना विचारा. दुपारी भांडी झालेली, पोरं शाळेत, आणि चहा मागायला कुणी नाही. ‘हे’ रात्रीची ड्यूटी करून आत झोपलेले असायचे. मग आवाज अगदी बारीक करायचा आणि टीव्हीला जवळजवळ कान लावून बसायचं. पुढे १९९४ मध्ये ‘शांती’ आली, मंदिरा बेदीची. तेव्हा तर आमच्या ओळीतल्या चार-पाच जणी निवडायचं धान्य घेऊन एकाच घरी जमायच्या. दिवसातला एक तुकडा आमच्याही नावाचा झाला होता.

पण खरं सांगू? आमच्या घरात बदल झाला तो कुणा एकाच्या वाट्याच्या कार्यक्रमानं नाही. तो झाला सगळ्यांनी मिळून बघितलेल्या ‘उडान’नं. १९८९ सालची ही मालिका. कविता चौधरींनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही केली. त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावर ती बेतलेली होती. याच कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, त्या पदावर पोहोचलेल्या देशातल्या पहिल्या महिला. मालिकेत कल्याणीच्या वडिलांच्या भूमिकेत विक्रम गोखले होते.

त्या वर्षी नणंद दहावीला होती. स्थळं बघणं सुरू झालेलं. “पोरगी दहावी झाली, बस झालं,” असं मामंजींचं मत. माझी बोलायची छाती नव्हती, आणि ‘हे’ वडिलांपुढे गप्प. सासूबाईंना अक्षर ओळख नव्हती, हिंदीही जेमतेम समजायचं. पण ‘उडान’ त्या डोळे लावून बघायच्या. एका रात्री भाग संपला आणि त्या टीव्हीकडे बघतच मामंजींना म्हणाल्या, “त्या पोरीचा बाप पाहा, कसा पाठीशी उभा राहते. आपल्या पोरीले कामून नाही शिकवत?”

मामंजी काहीच बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. दोन महिने घरात धुसफूस चालली. नुसती मालिका बघून माणूस बदलत नाही हो! पण बोलायला एक उदाहरण मिळालं होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकानं पाहिलेलं होतं. “तू कुठून हे खूळ आणलंस?” असं सासूबाईंना कुणी म्हणू शकत नव्हतं. जूनमध्ये नणंदेचं नाव अकरावीला लागलं. पुढे ती डी. एड. झाली आणि गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली.

गोष्ट इथे संपत नाही. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. शहरात ‘ऑनलाइन’ सुरू झालं. नणंदेचा फोन आला, तोही टेकडीवर चढून केलेला. “वहिनी, गावात रेंजच नाही. मोबाइल असून काय उपयोग? पण तीन घरांवर छत्री आहे.” छत्री म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं सुरू झालेली ही सेवा. छत्री आणि डब्बा एकदा घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. त्यामुळे जंगलातल्या गावांपर्यंत ती पोहोचलेली.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केलेली ही मालिका. प्रत्येक इयत्तेची वेळ वेगळी. घरातल्या वस्तू, अंगण, परिसर यांतूनच शिकायचं. नणंदेनं छत्रीवाल्या तिन्ही घरांशी बोलून मुलांना वेळा वाटून दिल्या. तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून पोरं बसायची. आपला भाग संपला तरी उठायची नाहीत, मोठ्यांचाही बघत राहायची. एक अडचण मात्र होती. कार्यक्रम मराठीत, आणि लहानग्यांच्या घरची भाषा गोंडी. मग सहावी-सातवीतल्या मुली त्यांना गोंडीत समजावून सांगायच्या, आमच्या तेलुगू काकूंसारख्याच. गोंडीतला अर्धा तास टीव्हीवर असावा, असं नणंदेला तेव्हा फार वाटलं. ‘सगळ्यांसाठी’ या शब्दात अजून कोण यायचं राहिलंय, हे तिथे गेल्यावर कळतं.

आज चॅनल शेकड्यांनी आहेत. हवं ते, हवं तेव्हा दिसतं. ते चांगलंच आहे. दुपारच्या त्या बारीक आवाजातल्या अर्ध्या तासासाठी आता कुठल्याच बाईला थांबावं लागत नाही. पण जो तो आपल्याच आवडीचं बघत राहिला, तर आजोबांच्या शेतीचं दुखणं नातवाला कळणार कधी? आणि अडलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून पाहिलेलं एखादं उदाहरण घरात सापडणार कुठून?

म्हणून एक छोटंसं सुचवते. आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी टीव्ही एकच, आणि कार्यक्रम निवडायचा हक्क दर वेळी वेगळ्या माणसाला, अगदी धाकट्यालाही. बाकीच्यांनी नाक न मुरडता शेवटपर्यंत बघायचं. आणि हो, त्या दिवशी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवायचा. तो कुणी करायचा, याचीही चिठ्ठी टाका!