'किरकोळ' या सदराखालचा आधार

अडचणीचा काळ आला की कुटुंबाच्या अंदाजपत्रकाला कात्री लागते आणि ती सर्वप्रथम 'करमणूक' व 'किरकोळ' या दोन सदरांवर चालते. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच वाटते. बँकेच्या टेबलामागे बसून मीही ग्राहकांना हाच सल्ला देत असे.

माझी आई फेब्रुवारी २०२० मध्ये निवर्तली. दिवसकार्य आटोपून मी छत्तीसगडमधील माझ्या शाखेकडे निघालो, तेव्हा मिरजेच्या घरी एकटे राहणार असलेले बाबा म्हणाले, "केबल बंद करून टाकतो. आता बघायला कोण आहे?" बाबा निवृत्त हिशेबनीस; रोजचा खर्च वहीत टिपल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. महिन्याचे दीडशेच्या घरातले बिल वाचेल, हे त्यांचे गणित मलाही पटले. सुदैवाने केबलचालकाला कळवायचे राहून गेले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली.

बँका अत्यावश्यक सेवेत असल्याने आमची शाखा उघडी होती. एप्रिलमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत शासनाचे पाचशे रुपये जमा होऊ लागले. गर्दी टळावी म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून दिले होते. तरीही खडूने आखलेल्या वर्तुळांत सकाळपासून रांग लागे. पैसे हाती पडल्यावर समोरच्या किराणा दुकानात जाऊन डाळ-तांदळासोबत मुलासाठी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा घेणाऱ्या कितीतरी माता मी काचेतून पाहिल्या. पुढे, त्या वर्षीच्या मार्च ते मे या महिन्यांत पार्ले-जीची विक्री आठ दशकांतील सर्वाधिक झाल्याचे वृत्त वाचले, तेव्हा आश्चर्य वाटले नाही. मदत म्हणून वाटण्यासाठीही पुष्कळ पुडे घेतले गेले, हे खरे. पण चहात बुडवलेल्या बिस्किटाची चव बदललेली नव्हती, हेही त्यामागचे एक कारण असावे.

दरम्यान २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका रोज सकाळी व रात्री नऊ वाजता पुन्हा दाखवण्यास प्रारंभ केला होता. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात प्रथम प्रसारित झालेली ही मालिका माझ्या जन्माआधीची. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. चित्रीकरणे थांबल्याने अन्य वाहिन्यांकडे नवे भाग नव्हते, हे याचे उघड कारण. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. उद्या काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते, अशा दिवसांत शेवट आधीच ठाऊक असलेली कथा पाहण्यात निराळाच दिलासा होता. शिवाय तिची वेळ ठरलेली होती. सकाळ व संध्याकाळ यांतील भेदच पुसट झालेल्या घरांना नऊ वाजता टेकायला एक जागा मिळाली.

तोवर बाबांचे व माझे दूरध्वनीवरील संभाषण जेवण, औषधे आणि रुग्णांचे आकडे एवढ्यावर आटोपत असे. आता रात्री दहा वाजता, भाग संपताच, त्यांचाच फोन येऊ लागला. एके रात्री ते म्हणाले, "चाळीत एकच टीव्ही होता. तुझी आई रविवारी सकाळी लवकर स्वयंपाक उरकून पुढची जागा धरायची." आई गेल्यानंतर त्यांनी स्वतःहून तिचा विषय काढल्याची ही पहिलीच वेळ. सांत्वनाला आलेल्या एवढ्या माणसांना जे साधले नाही, ते दीडशे रुपयांच्या केबलने साधले.

लोकप्रिय करमणुकीला कमी लेखण्याची आपली सवय जुनी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. त्याच विविध भारतीच्या 'जयमाला' कार्यक्रमातून पुढे घरापासून दूर असलेल्या सैनिकांना चित्रपटगीतेच ऐकवली गेली.

मात्र बँक अधिकारी या नात्याने एक भेद स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. रिझर्व्ह बँकेने दिलेली कर्जहप्त्यांची स्थगिती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत होती. त्या महिन्यात एक ग्राहक आले. आयपीएल सप्टेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत होणार होते; थांबलेल्या हप्त्यांच्या पैशांतून मोठा दूरचित्रवाणी संच घ्यावा, असा त्यांचा विचार. हप्ते थांबले तरी व्याजाची आकारणी सुरूच असते, हे मी कागदावर मांडून दाखवले. वाढलेली मुदत पाहून ते थोडे नाराज झाले. पण घरातला जुना संच चालू आहे का, असे विचारताच हसले. सामना तोच दिसणार होता.

आता कोणी अडचणीत सापडलेला ग्राहक खर्चाची यादी घेऊन बसला की 'करमणूक' या सदरावर मी लगेच रेघ मारत नाही. रक्कम किती आहे आणि त्या खर्चाने घरातली माणसे एकत्र बसतात का, एवढे आधी विचारतो.

बाबांची वही मी मागच्या दिवाळीत चाळली. एप्रिल २०२० च्या पानावर दूध, वीज, गॅस यांच्या खालोखाल 'केबल' लिहिलेले आहे. 'करमणूक' हे सदर त्या पानावर नाही.