वाफेला थंडावा देणारी भांडी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मराठी शाळांत द्रव उकळून, त्याची वाफ थंड करून तो पुन्हा गोळा करण्याच्या क्रियेला ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतात. हा शब्द रसशास्त्रात, म्हणजे पारा व खनिजे यांवर प्रक्रिया करणाऱ्या भारतीय किमयाविद्येत, शतकानुशतके वापरात होता. पाऱ्यावर करावयाच्या अठरा संस्कारांपैकी पाचवा ‘पातन’ होय. पारा वरच्या भांड्याला जाऊन चिकटला तर ते ऊर्ध्वपातन, खालच्या भांड्यात उतरला तर अधःपातन आणि आडव्या नळीतून दुसऱ्या भांड्यात गेला तर तिर्यक्पातन, असे त्याचे तीन प्रकार मानले जात. शाळेच्या प्रयोगशाळेतला चंबू, त्याला जोडलेली तिरपी शीतनळी आणि तिच्या टोकाचे दुसरे पात्र ही मांडणी या जुन्या हिशेबाने तिर्यक्पातनाची ठरते; तरीही मराठीत नाव रूढ झाले ते ऊर्ध्वपातनाचेच.

या उपकरणांची तपशीलवार वर्णने वाग्भटाच्या नावावर असलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात सापडतात. हा ग्रंथ साधारणपणे तेराव्या शतकातला मानला जातो. ‘विद्याधर यंत्र’ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन मडकी होत. खालच्या मडक्यात हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे तांबडे खनिज, तापवायचे आणि वरच्यात गार पाणी भरून ठेवायचे, म्हणजे सुटलेला पारा वरच्या मडक्याच्या बाहेरील तळावर थेंबाथेंबाने जमतो. तिर्यक्पातन यंत्रात एका घड्याच्या मानेतून निघालेली लांब नळी उताराने दुसऱ्या घड्यात सोडलेली असते. पहिल्याखाली जाळ आणि दुसऱ्यात गार पाणी असते, तर सगळे सांधे मातीने लिंपून बंद केलेले असतात. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो आणि त्याची वाफ विषारी असते, हे लक्षात घेतले म्हणजे सांधे लिंपण्याविषयी ग्रंथकार इतका आग्रही का आहे हे कळते. जाळ लावणे हे या विद्येतले सोपे काम होते. वाफ निसटू न देता तिला नेमक्या जागी गार करणे यातच खरे कसब होते, आणि भांड्यांचे आकार याच एका गरजेतून ठरत गेले.

जस्ताच्या बाबतीत हे कसब विशेष दिसून येते. जस्त 907 अंशांना उकळते आणि तप्त वाफेला हवा लागताच जळून तिची पांढरी राख होते, त्यामुळे उघड्या भट्टीत ते हाती लागत नाही. म्हणून वांग्याच्या आकाराची, नळी जोडलेली मूस उलटी करून तिचे तोंड खालच्या पाण्याच्या भांड्याकडे धरण्याची युक्ती या ग्रंथात दिली आहे. राजस्थानातील झावर येथील उत्खननात अशाच मुशी भट्टीत रचलेल्या अवस्थेत मिळाल्या आहेत.

पश्चिमेकडे या उपकरणांचा उगम इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ग्रीकभाषक किमयागारांकडे नेला जातो. इसवी सन 300च्या सुमाराचा झोसिमोस तीन नळ्यांच्या ऊर्ध्वपातन यंत्राचे श्रेय त्याच्याही आधीच्या मारिया नावाच्या यहुदी स्त्रीला देतो. तिथल्या यंत्रात वाफ वरच्या टोपातच थंड होई आणि टोपाच्या कडेच्या पन्हळीतून बाहेर ओघळे. गांधार प्रदेशात, आजच्या पाकिस्तानातील तक्षशिला व शेखान ढेरी येथे, सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी वेगळीच मांडणी केली. त्यांच्या मते इथे नळी लांब असे आणि वाफ धरणारे पात्रच पाण्यात बसवून गार केले जाई. या निष्कर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पात्र पाण्यात ठेवण्याची पद्धत उपखंडात दीर्घकाळ टिकली हे निश्चित. अरबांनी ग्रीक टोपाला ‘अल्-अंबीक’ म्हटले. त्यांच्या भाषेत ‘अरक’ म्हणजे घाम, आणि गार पृष्ठभागावर फुटणाऱ्या थेंबांचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. ओव्याच्या किंवा बडीशेपेच्या अर्काचे नाव तिथूनच मराठीत आले.

ठाणे परिसरात हे ज्ञान दोन वाटांनी नांदले. पहिली वाट औषधांची होती. पनवेल एकोणिसाव्या शतकात बराच काळ ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि तिथेच 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदीय औषधांची संस्था सुरू केली. दुसरी वाट मोहाच्या फुलांची आणि ताडीची. तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, तर गावोगावी लहान मडक्यांवर दारू गाळली जाई. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने या घरगुती गाळपावर सरकारी पकड घट्ट केली. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग याच व्यवसायातला असून त्यामागे साधे शास्त्र आहे: मद्यार्क 78 अंशांना उकळतो, पाणी 100 अंशांना, म्हणून सुरुवातीच्या धारेत मद्यार्काचे प्रमाण सर्वांत जास्त असते. बेकायदा हातभट्टीत गुळाबरोबर पडणारा नवसागरही मूळचा किमयागारांच्या कपाटातलाच पदार्थ आहे. दक्षिणेला गोव्यात काजूची फेणी गाळणाऱ्या पारंपरिक भाटीवर वाफ धरणाऱ्या मातीच्या पात्राला ‘लावणी’ म्हणतात, आणि ते गार ठेवण्यासाठी त्यावर सतत पाणी ओतले जाते.

डोंबिवली व अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील रसायन कारखान्यांत वापरलेली द्रावणे शुद्ध करून पुन्हा कामात आणण्यासाठी पोलादी स्तंभ वापरले जातात. त्यांत वाफ एका थराकडून दुसऱ्या थराकडे चढताना वारंवार थंड होते व पुन्हा उकळते, त्यामुळे जवळजवळच्या तापमानाला उकळणारे द्रवही वेगळे करता येतात. मातीच्या भांड्यांच्या एका फेरीत हे साधत नसे. स्तंभाच्या माथ्यावरून निघालेली वाफ मात्र अखेर नळ्यांच्या जुडग्यात शिरते, बाहेरून गार पाणी फिरत राहते, आणि ते पाणी कोमट झाले की शीतमनोऱ्यावर नेऊन पुन्हा थंड करावे लागते.