क्रोममध्ये जाहिराती पुन्हा का दिसतात?

ही विचारणा काही पालकांनी आमच्याकडे केली. संगणक बिघडलेला नाही. ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रामला एक्स्टेन्शन म्हणतात. जुन्या पद्धतीत (मॅनिफेस्ट व्ही-टू) जाहिरात रोखणारे एक्स्टेन्शन, वेबपान जे जे मागवते ते ते स्वतः तपासून जागीच अडवीत असे. नव्या व्ही-थ्रीमध्ये ते नियमांची यादी ब्राउझरच्या हाती देते. अडवण्याचे काम ब्राउझर करतो, आणि यादीच्या लांबीला मर्यादा आहे. सुरक्षितता व वेग यांसाठी हा बदल केला, असे गूगल सांगते. गूगलची मुख्य कमाई जाहिरातींचीच, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे!

जून २०२४ पासून क्रोमने जुनी एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद केली; २०२५ मध्ये ती पूर्ण थांबली. त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ गेले. त्याची ‘लाइट’ आवृत्ती क्रोमवर चालते, पण तिची ताकद कमी आहे. फायरफॉक्सने मात्र दोन्ही पद्धती चालू ठेवल्या आहेत.

आम्हाला काळजी आहे ती खोट्या ‘डाउनलोड’ बटणांची. प्रकल्पासाठी चित्र शोधणारा सहावीचा विद्यार्थी जाहिरात कोणती आणि खरे बटण कोणते, हे ओळखू शकत नाही. म्हणून शाळेच्या संगणक कक्षात आम्ही फायरफॉक्स ठेवले आहे. घरी एक्स्टेन्शन घ्यायचे असल्यास ब्राउझरच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. एकसारख्या नावांची नकली एक्स्टेन्शनेही असतात.