40 मिलिमीटर आणि 102 मिनिटं

वणी-करंजी रस्त्यावरच्या मारेगावात एका दुमजली घराचं काम चालू आहे. सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलेल्या जळक्या ऑइलचा वास उन्हाबरोबर डोक्यात चढतो. चहाच्या वेळी मजुरांत अहमदाबादचा विषय निघतो. 12 जून 2025 रोजी एअर इंडियाचं विमान बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. मेसच्या इमारतीत अडकलेल्या शेपटाचा फोटो सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला. "एवढं विमान पडलं, तरी बिल्डिंग उभी कशी राह्यली?" एक पोरगा विचारतो.

सळई बांधणारा मिस्त्री उत्तर द्यायला थांबत नाही. कॉलमच्या पिंजऱ्यापाशी उकिडवा बसून तो सळई आणि साच्यात अंतर राखणारा कव्हर ब्लॉक अडकवतो, बायंडिंग तारेला पीळ देतो आणि एकच आकडा सांगतो. "चाळीस पाह्यजे. कमी नाही चालत."

40 मिलिमीटर. कॉलमच्या सळईवर किमान एवढं काँक्रीट हवं, असं आयएस 456 हे भारतीय मानक सांगतं. ते सळईला गंजापासून वाचवतं आणि आगीपासूनही. साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्म्याच्या आसपास येते. काँक्रीट मात्र उष्णता सावकाश आत सोडतं. विमान आदळल्यावर इमारत तगते की नाही, हे बरंचसं या सावकाशीवर ठरतं.

28 जुलै 1945 रोजी दाट धुक्यात बी-25 हे बॉम्बर विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या 79व्या मजल्याजवळ घुसलं. 14 जण गेले. इमारतीचा सांगाडा मात्र ढळला नाही आणि दोनच दिवसांनी, सोमवारी, बरीच कार्यालयं उघडली. पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे बांधताना लेस्ली रॉबर्टसन यांच्यासारख्या अभियंत्यांनी धुक्यात वाट चुकलेलं, संथ उडणारं बोइंग 707 आदळलं तर काय होईल, याचा विचार केला होता.

2001 साली या मनोऱ्यांवर आदळलेली विमानं संथ नव्हती. प्रत्येकात सुमारे 38 हजार लिटर इंधन होतं. उत्तर मनोऱ्याच्या बाहेरच्या भिंतीतले पस्तीसेक खांब एका क्षणात तुटले, तरी मनोरा पडला नाही. तुटलेल्या खांबांचा भार शेजारच्यांनी उचलला. पण पोलादावरचा अग्निरोधक लेप धक्क्याने उडाला होता. विमानाचं इंधन काही मिनिटांत संपलं. त्याने पेटवलेलं सामान, कागद, फर्निचर जळत राहिलं. उघडं पडलेलं पोलाद त्या धगीत मऊ होत गेलं आणि 102 मिनिटांनी मनोरा कोसळला.

या 102 मिनिटांत हजारो माणसं खाली उतरली. आघाताच्या वरच्या मजल्यांवरून मात्र एकही नाही, कारण जिप्सम बोर्डाच्या भिंतींमागचे तिन्ही जिने एकदमच बंद झाले होते. म्हणून त्याच जागी नंतर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात जिने आणि लिफ्ट जाड काँक्रीटच्या गाभ्यात आहेत. विमान परतवून लावणारी इमारत कोणी बांधत नाही. अभियंता माणसांना खाली उतरायला वेळ आणि वाट मिळवून देतो.

मुंबईत पहिला बंदोबस्त वेगळाच असतो: इमारत विमानाच्या वाटेत येऊच नये. रॉबर्टसन यांच्याच कंपनीने लोअर परळच्या वर्ल्ड वन मनोऱ्याचा सांगाडा आखला. तो 442 मीटरचा ठरला होता. विमानतळ प्राधिकरणाची त्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि मनोरा 280 मीटरवर थांबला. वारा आणि भूकंपासाठी उंच इमारतींत घातलेल्या काँक्रीटच्या जाड भिंती आघातातही उपयोगी पडतात.

मारेगावच्या घराला कुणाची उंचीची परवानगी लागत नाही. पण भार शेजारच्या खांबाकडे जाण्यासाठी लागतात ते सांधे इथेही हातानेच बांधले जातात. मिस्त्री उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगचा हूक कॉलमच्या पोटात वळवतो. बाहेर राहिला तर धक्क्याने वरचं काँक्रीट निखळताच रिंग उघडते आणि उभ्या सळया फाकतात. बीमच्या सळया तो कॉलमच्या आत पुरेशा लांब नेतो. मग खालच्या बाजूला हात घालून चाचपतो. "काहून रे पोट्ट्या, इकडचा ब्लॉक कुठं हाय?" मघाचाच पोरगा धावत ब्लॉक आणतो. चाळीस.

दुपारनंतर मिक्सर सुरू होतो. मुकुटबनच्या चुनखडीपासून बनणारं सिमेंट इथे फार लांबून येत नाही. ते, रेती आणि गिट्टी घमेल्यांतून वर चढतात, व्हायब्रेटर घरघरतो आणि सकाळपासूनची सगळी बांधणी दिसेनाशी होते. उद्या घरमालकाला टाइल्स दिसतील, रंग दिसेल. ते 40 मिलिमीटर कुणालाच दिसणार नाहीत.

सळईबांधणीचा हिशेब बहुतेक ठिकाणी किलोवर होतो. जितकं लोखंड बांधलं तितके पैसे. कव्हर ब्लॉकला वजन धरत नाहीत, हूक नीट वळवायला गेलेल्या वेळाला दर नाही. तरी हा माणूस तो वेळ देतो, आपल्या खिशातून. मुंबईच्या मनोऱ्यापासून मारेगावच्या घरापर्यंत ज्या कामावर जीव टांगलेले असतात, त्याचे पैसे वेगळे मोजायला हवेत, आणि ते ठेकेदाराच्या बिलात ब्लॉकच्या संख्येनिशी लिहून यायला हवेत.