अध्यापनस्वातंत्र्य आणि सेवाशाश्वती : नव्या विद्यापीठाच्या संदर्भात

विद्यापीठीय स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा विद्यापीठाच्या स्वायत्ततेपासून सुरू होते आणि तेथेच थांबते. मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी यांनी भारतातील विद्यापीठीय स्वायत्ततेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून या प्रश्नाचे भान मराठवाड्यात आरंभापासून होते असे म्हणता येईल. तथापि स्वायत्तता आणि अध्यापनस्वातंत्र्य या दोन भिन्न संकल्पना आहेत. स्वायत्तता हा विद्यापीठ आणि शासन यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे. अध्यापनस्वातंत्र्य हा अध्यापक आणि त्याला वेतन देणारी संस्था यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे. पहिली पूर्णत्वाने लाभली तरी दुसरे लाभेलच असे नाही. अध्यापनस्वातंत्र्याचा आधार सेवाशाश्वती हा आहे आणि हा आधार सैल झाला की त्याची पहिली झळ साहित्याच्या अध्यापनाला लागते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

नवे विद्यापीठ आणि त्याचा परिघ

औरंगाबाद येथे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. तत्पूर्वी या प्रदेशातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी निगडित होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि प्रदीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात गेले. १९९९ साली परभणीतून हिंगोली हा जिल्हा वेगळा झाला.

ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले गेले ते स्वामीजी मूलतः शिक्षक होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि नंतर अंबाजोगाई येथे त्यांनी अध्यापन केले. तथापि विद्यापीठाच्या नावाने अध्यापकाचे स्थान ठरत नाही, ते नियुक्तिपत्राने ठरते. नव्या विद्यापीठाचे स्वतःचे विभाग थोडे असतात. त्याचे बहुसंख्य अध्यापक खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेल्या संलग्न महाविद्यालयांत असतात. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे मध्ययुगीन मंदिरांसाठी ख्यात असलेले गाव घ्यावे. तेथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे नांदेडचे भवन नव्हे. त्याला मराठी शिकविणारा संलग्न महाविद्यालयातील अध्यापक हेच त्याचे विद्यापीठ होय. म्हणून अध्यापनस्वातंत्र्याची तपासणी या अध्यापकापासून करावयास हवी.

मराठी परंपरेतील दाखले

हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासाला नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक असतानाच १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढीत होते. पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली आणि १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. १८८० च्या प्रारंभी न्यू इंग्लिश स्कूल स्थापन झाले. स्वतंत्रपणे लिहावयाचे तर उपजीविकेचे साधनही स्वतंत्र हवे, हा त्या घटनेचा अर्थ आहे.

१८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आणि १८८५ च्या फर्ग्युसन महाविद्यालयाने यातून एक व्यवस्था निर्माण केली. तेथे आजीव सदस्य असलेले अध्यापकच संस्थेचा कारभार पाहत. ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. बाहेरील कामे व मिळकत यांविषयीच्या मतभेदांतून लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. सहकाऱ्यांचे बहुमतही एखाद्यास जाचक वाटू शकते, हे त्यावरून दिसते. परंतु याच व्यवस्थेत आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’ चालवू शकले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही १८९२ मध्ये ते प्राचार्य झाले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांना बहिष्कृत केले. फर्ग्युसनमधील त्यांचे अध्यापकपद मात्र कायम राहिले. समाजाचा रोष वेतनापर्यंत पोहोचू न देणारी भिंत त्या संस्थेत होती. सेवाशाश्वती म्हणजे ही भिंत होय.

याउलट उदाहरण जर्मनीतील आहे. हॅनोव्हरच्या राजाने संविधान रद्द केले, त्याचा निषेध करणाऱ्या गटिंगेन विद्यापीठातील सात प्राध्यापकांना १८३७ साली बडतर्फ करण्यात आले. लोककथांचे संकलक याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे बंधू त्यांच्यापैकी होत. याकोबला तर राज्याबाहेर जावे लागले. ग्रिम बंधूंची ख्याती त्यांचे पद वाचवू शकली नाही. ख्याती नसलेल्या अध्यापकाचे रक्षण नियमावाचून होत नाही, हे यावरून सहज ध्यानात यावे.

कायद्याची चौकट

भारतीय कायद्यात महाविद्यालयीन अध्यापकाचे स्थान विलक्षण आहे. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण शासकीय सेवकांना आहे. खाजगी महाविद्यालयातील अध्यापक त्यात येत नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, ए. सुंदरांबाळ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. त्यापूर्वी १९७६ साली शामलीच्या वैश्य महाविद्यालयाच्या प्रकरणात, खाजगी व्यवस्थापन ही वैधानिक संस्था नसल्याने सेवेचा करार न्यायालयामार्फत सक्तीने पाळावयास लावता येत नाही, असे ठरले होते. म्हणजे अध्यापक शासकीय सेवक नाही आणि कामगारही नाही. अशा स्थितीत विद्यापीठ कायदा हाच त्याचा मुख्य आधार उरतो.

महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ याने विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाची तरतूद केली आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने ती चालू ठेवली. बडतर्फी, सेवासमाप्ती वा पदावनती यांविरुद्ध तेथे अपील करता येते. टी. एम. ए. पै प्रकरणातील २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या अशा तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर न्यायाधिकरणे असावीत, असे सुचविले. युनेस्कोने ११ नोव्हेंबर १९९७ रोजी संमत केलेल्या उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयीच्या शिफारशीत सेवाशाश्वतीचा संबंध अध्यापनस्वातंत्र्याशी स्पष्टपणे जोडला आहे.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. अपील करावयाचे तर आधी आदेश असावा लागतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नियुक्ती शैक्षणिक वर्षापुरती असते. वर्ष संपले की सेवा आपोआप संपते. पुढील वर्षी त्याला बोलावले नाही, तर बडतर्फीचा आदेश नसतो, कारण नोंदविलेले नसते आणि सामान्यतः अपिलाला विषयही उरत नाही. एवढेच नव्हे, तर २०१६ च्या अधिनियमातील ‘अध्यापक’ ही संज्ञा पूर्णवेळ मान्यताप्राप्त अध्यापकांपुरती आहे. साहजिकच अधिसभा आणि अभ्यासमंडळ यांवरील अध्यापकांच्या प्रतिनिधित्वात त्याला वाटा नाही. जो अभ्यासक्रम तो वर्गात शिकवितो, त्याच्या निर्मितीत त्याचा शब्द नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी असू नये, असे म्हटले. तासिकांच्या हिशेबाने मिळणारे मानधन या अपेक्षेपासून दूर आहे.

साहित्याच्या वर्गात काय घडते

गणिताच्या अध्यापकालाही सेवाशाश्वती हवीच. परंतु साहित्याच्या अध्यापकाचे काम अर्थनिर्णयाचे असते आणि अर्थ हा गावाच्या जिव्हाळ्याचा विषय असतो. परभणी जिल्ह्यातील वर्गात दलित आत्मकथन शिकवावयाचे तर १९७८ चा मराठवाडा टाळता येत नाही. ज्यांच्या घरांनी तो काळ दोन बाजूंनी पाहिला, त्यांची मुले एकाच बाकावर बसलेली असतात. संतसाहित्य शिकविताना संप्रदायाच्या श्रद्धा आणि पाठचिकित्सा यांचा मेळ घालावा लागतो. चारठाण्यासारख्या गावी विद्यार्थ्यांना ओव्या, दंतकथा व स्थानमाहात्म्ये यांच्या संकलनाला पाठवावयाचे, तर मंदिराच्या इतिहासाविषयीची रूढ समजूत आणि उपलब्ध पुरावा यांतील अंतर दाखवावे लागते.

यांपैकी कोणत्याही विषयावर बंदी नसते. संस्थाचालक प्रत्येक वेळी हस्तक्षेप करतात असेही नाही. अनेक संस्थांनी आपल्या अध्यापकांना प्रतिकूल काळात सांभाळले आहे. परंतु ज्याची पुढील वर्षाची नियुक्ती कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे, तो कोणी सांगण्यापूर्वीच सावध होतो. आत्मकथनातील जातवास्तवाऐवजी तो त्याच्या भाषाशैलीवर बोलतो, चिकित्सेऐवजी सारांश देतो आणि संशोधनासाठी निरुपद्रवी विषय सुचवितो. या संकोचाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. विद्यार्थ्याला तर आपल्याला काय शिकविले गेले नाही हे कळण्याचा मार्गच नसतो.

अध्यापनस्वातंत्र्य म्हणजे अध्यापकाला मनास येईल ते बोलण्याची मुभा नव्हे. अभ्यासक्रम, पुरावा आणि विद्याशाखेची शिस्त यांचे बंधन त्याच्यावर आहेच. त्याच्या प्रतिपादनाचे मूल्यमापन विषयाच्या जाणकारांनी करावे, वेतन देणाऱ्याने करू नये, एवढाच या स्वातंत्र्याचा अर्थ आहे. म्हणून सेवाशाश्वतीची मागणी केवळ प्राध्यापक संघटनांकडे सोपवून विद्याविभागांना स्वस्थ बसता येणार नाही. पुनर्नियुक्ती नाकारताना लेखी कारण देणे, अभ्यासमंडळात तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे मत मागविणे आणि संलग्नतेच्या तपासणीत पूर्णवेळ पदांचा आग्रह धरणे, एवढे तरी विद्यापीठाने करावयास हवे. अभ्यासक्रमात एखादी कृती नेमताना मराठीच्या अभ्यासमंडळानेही एक प्रश्न स्वतःस विचारावा : ती मोकळेपणाने शिकवू शकेल असा अध्यापक त्या महाविद्यालयात आहे काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ती कृती पाठ्यपुस्तकांच्या यादीत राहील. वर्गात ती पोहोचणार नाही.